ऑपरेशन माझं, सांगायचं कुणाकुणाला?

वजन उतरवायच्या ऑपरेशनबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतलीयत, कारण प्रत्येक पत्रात काळजी तीच आहे, लोकांना कळू द्यायचं की नाही. नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न : ताई, माझं वय ३८. पुढच्या महिन्यात स्लीव्ह, म्हणजे जठर लहान करायचं ऑपरेशन, करायचं ठरलंय. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४१ आहे, शुगर आहे, झोपेत श्वास अडकतो म्हणून मशीन लावून झोपावं लागतं. नवऱ्याला सगळं माहितीये, त्याचा पूर्ण पाठिंबा आहे. बाकी कुणालाच सांगितलं नाहीये. सासूबाई आमच्याकडेच राहतात, आईबाबा दुसऱ्या गावी, आणि ऑफिसात सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहिती असतं. सांगितलं तर "एवढंसं तोंड आवरता येत नाही का, त्यासाठी पोट कापून घ्यायचं?" हे ऐकावं लागणार, नाही सांगितलं तर आयुष्यभर खोटं बोलत राहायचं. नवरा म्हणतो सरळ सांगून मोकळी हो. मला झोप लागत नाही. सांगू का नको?

उत्तर : तुम्ही एकच प्रश्न विचारलाय पण त्याचं एकच उत्तर मला देता येणार नाही, कारण डॉक्टरला सांगणं, सासूबाईंना सांगणं आणि ऑफिसात सांगणं या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही तिन्हीचं ओझं एकदम डोक्यावर घेऊन बसलायत. एकेक वेगळी करून बघू.

डॉक्टरांपासून सुरू करते कारण तिथे चॉइस नाहीच. यापुढे ज्या कुठल्या डॉक्टरसमोर बसाल, दातांचा असो, हाडांचा असो, नेहमीचा फॅमिली डॉक्टर असो, त्याला पहिल्यांदा हे सांगायचं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेल्या भागाला स्टेपलची लांब शिवण असते, बाहेरून मात्र दुर्बिणीच्या ऑपरेशनचे चार-पाच बारीक व्रण, तेसुद्धा काही दिवसांनी पुसट होतात, म्हणजे बघून कुणाला काही कळणार नाही. दात दुखला म्हणून सहज दिली जाणारी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळी तुमच्या पोटात अल्सर करू शकते. बायपास (हृदयाचं नव्हे, जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात ते) केलेल्यांना तर या गोळ्या सहसा बंदच सांगतात, स्लीव्हवाल्यांनीही सर्जनला विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. शिवाय कधी बेशुद्ध अवस्थेत हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर सांगणारं कोण? म्हणून पर्समध्ये एक चिठ्ठी आणि फोनच्या इमर्जन्सी माहितीत एक ओळ, कुठलं ऑपरेशन, कधी, सर्जनचं नाव. हे लपवायच्या यादीत टाकूच नका प्लीज.

आता सासूबाई. माझं स्पष्ट मत आहे की त्यांना आधी सांगा, आणि हे नात्यातल्या प्रामाणिकपणासाठी वगैरे म्हणत नाहीये, ते जमणारच नाही म्हणून म्हणतेय. ऑपरेशनच्या आधी लिव्हर आकसावं म्हणून बरेच सर्जन साधारण दोन आठवडे अगदी कमी कॅलरीचा, बहुतेक पातळच आहार देतात, नंतर काही आठवडे फक्त पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, असं करत करत नेहमीच्या जेवणावर यायचं, तेही दोन-चार घासांत पोट भरणार, जेवताना पाणी प्यायचं नाही, घाईत खाल्लं तर उलटी होणार. एका घरात राहणाऱ्या माणसाच्या नजरेतून हे सुटेल असं तुम्हाला खरंच वाटतं का? शिवाय तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान बऱ्याच जणांचे केस गळतात. जेवत नाही, झपाट्याने बारीक होतेय, केस जातायत, एवढं दिसल्यावर घरातलं वडीलधारं माणूस मनात काय आणेल सांगा. त्या घाबरून जातील आणि तुमच्यापासून लपवून चार जणांना विचारत बसतील, म्हणजे गुपित गेलंच आणि वर त्यांना महिनाभर धास्ती.

सांगताना दोघांनी मिळून सांगा, आणि सुरुवात नवऱ्याला करू द्या, त्यांचा मुलगा आहे तो. शुगर आणि झोपेतला श्वास इथून सुरू करा कारण मशीनचा आवाज त्या रोज ऐकतायत. आणि "करू का?" असं विचारायला जाऊ नका. "डॉक्टरांशी बोलून ठरवलंय, अमुक तारखेला आहे, पहिले पंधरा दिवस तुमची मदत लागेल" असं सांगा. विचारायला गेलात की मत येणार, मत आलं की वाद होणार. मदत मागितलीत तर माणूस कामाला लागतो, हे मी इतक्या घरांत पाहिलंय. आईबाबांनाही आधीच कळवा, ऑपरेशन झाल्यावर फोनवरून कळलं तर ते त्यांना फार लागेल.

"तोंड आवरत नाही का" याचं उत्तर लोकांना द्या न द्या, आधी तुम्हाला स्वतःला ते पटलेलं असू दे, कारण पत्र वाचताना मला राहून राहून वाटत होतं की हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा तुम्ही स्वतःलाच ऐकवलंय. वजन खूप उतरलं की शरीर ते परत मिळवायला धडपडतं, भुकेचं घ्रेलिन हे हॉर्मोन वाढतं, शरीर कमी ऊर्जेत भागवायला लागतं. डाएटने उतरलेलं वजन इतक्या जणांचं परत येतं ते यामुळे, आळशीपणामुळे नव्हे. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग जातो तिथेच घ्रेलिन सगळ्यात जास्त बनतं, म्हणून नुसतं पोट लहान होत नाही, भूकही कमी होते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, अर्ध्यांच्या आसपास ऑपरेशन केलेले आणि बाकीचे नेहमीच्या उपचारांवरचे. २००७ साली त्याचे निकाल आले तेव्हा ऑपरेशनवाल्या गटात मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. आणि बीएमआय ४० च्या वर असेल तर ऑपरेशनचा विचार करावा हे अमेरिकेत १९९१ मध्येच तज्ज्ञांनी सांगितलेलं आहे, २०२२ मध्ये सर्जन लोकांच्या दोन मोठ्या संस्थांनी ती रेषा आणखी खाली, ३५ वर आणली, मग सोबत दुसरा आजार असो वा नसो. तुम्ही ४१ वर, शुगर आणि श्वासाचा त्रास घेऊन उभ्या आहात. हौस म्हणून चाललेलं नाहीये हे.

ऑफिसचं सगळ्यात सोपं आहे. "पोटाचं ऑपरेशन आहे, इतके दिवस रजा" एवढं पुरे, आणि ते शंभर टक्के खरं आहे. खोदून विचारलं तर "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून करतेय, आता नको बोलायला" आणि विषय बदला. रजेच्या सर्टिफिकेटवर किती तपशील येणार ते मात्र डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, कारण बऱ्याचदा बातमी तिथूनच फुटते. पुढे सहा महिन्यांनी, वर्षाने सांगावंसं वाटलं तर सांगता येईलच. सांगितलेलं परत घेता येत नाही, म्हणून ऑफिसच्या बाबतीत घाई करू नका, नवरा काहीही म्हणू दे.

प्रश्न : माझं बायपास होऊन आठ महिने झाले, ४५ किलो उतरले. सगळे विचारतात काय केलंस, मी सांगतो डाएट आणि चालणं. आता माझा मावसभाऊ, तो माझ्यापेक्षाही जाड होता आणि आहे, तो माझं बघून रोज तासभर चालतोय, जेवण अर्धं केलंय, आणि तीन किलोच्या पुढे काटा हलत नाही. परवा म्हणाला "दादा, तुझ्यासारखी जिद्द माझ्यात नाही रे, मी असाच मरणार." तेव्हापासून मला कसंतरी होतंय. पण त्याला सांगितलं तर सगळ्या नातेवाइकांत जाईल.

उत्तर : त्याला सांगा. या आठवड्यात सांगा.

इतरांना न सांगायचा तुमचा हक्क मी शेवटपर्यंत मान्य करेन. तुमचं शरीर, तुमचं ऑपरेशन, लग्नकार्यात भेटलेल्या दूरच्या काकांना त्याचा हिशोब द्यायचं काहीच कारण नाही. पण जो माणूस स्वतः त्याच दुखण्यात आहे आणि तुमच्याकडे बघून स्वतःला मोजतोय, त्याला चुकीची पट्टी हातात देऊन ठेवणं मला बरोबर वाटत नाही. तो तुमच्या डाएटशी स्पर्धा करत नाहीये, तो एका ऑपरेशनशी स्पर्धा करतोय आणि त्याला ते माहितीच नाही. आणि "असाच मरणार" हे वाक्य हलक्यात घेऊ नका, त्या दिवशी नेमकं काय मनात होतं ते त्याला सरळ विचारा, आणि तो खूपच खचलेला वाटला तर एकटं सोडू नका, डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे सोबत जा.

एकट्याला गाठा. "मी जे सांगत होतो ते अर्धंच होतं, माझं ऑपरेशन झालंय, लोकांचं बोलणं नको म्हणून लपवलं, तू कुठे कमी पडला नाहीस" एवढं बोला आणि मग थांबा. त्याला राग येईल कदाचित, येऊ दे, समजावत बसू नका. "तूही करून घे" हे पहिल्याच भेटीत अजिबात म्हणू नका, त्याला ते झेपतं का, लागतं का, हे त्याचे डॉक्टर बघतील. त्याने विचारलं तर मात्र सगळं सांगा, बरं-वाईट दोन्ही, गोड खाल्ल्यावर होणारं डंपिंग, ती धडधड, तो घाम, जन्मभराच्या गोळ्या, सगळं. बाहेर बोलू नकोस हेही सांगा. तो पाळेल का याची गॅरंटी कुणीच देणार नाही, तरी सांगा.

बाकीच्यांसाठी "डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू आहे" हे वाक्य वापरा, खोटं नाही आणि पुरतं. अमेरिकेत न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर क्रिस क्रिस्टी यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये वजन उतरवायला जठराभोवती आवळणारा बँड बसवून घेतला तेव्हा हॉस्पिटलात खोट्या नावाने दाखल झाले होते, मग मे महिन्यात त्यांनी स्वतःच वर्तमानपत्राला सांगितलं. उलट गायिका कार्नी विल्सन यांनी १९९९ मध्ये आपलं बायपास थेट इंटरनेटवर दाखवू दिलं. एवढी टोकं आहेत या बाबतीत, आणि मला दोघांचंही काही चुकलं असं वाटत नाही. तुम्ही कुठेही उभे राहू शकता, फक्त मावसभावाशी खोटं नको.

प्रश्न : वय २७, बायपासला दहा महिने झालेत. एका मुलाशी लग्नाचं बोलणं चाललंय, मला तो मनापासून आवडलाय. त्याने मला बारीकच पाहिलंय. कधी सांगू? लग्नानंतर सांगितलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. पहिल्या भेटीत सांगायची गरज नव्हती, पण दोघांचं "हो" व्हायच्या आधी त्याला माहिती हवं. तुझ्या एकटीपुरतं राहत नाही हे. ऑपरेशननंतर साधारण १२ ते १८ महिने गरोदरपण टाळायला सांगतात, बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही आणि वजन उतरलं की दिवस राहण्याची शक्यता उलट वाढते, मग दुसरं कुठलं साधन वापरायचं हे दोघांना मिळून ठरवावं लागणार. पुढे गरोदरपणात ग्लुकोजचं पाणी पिऊन करायची शुगरची टेस्टसुद्धा तुला बहुतेक चालणार नाही, डंपिंग होतं, दुसऱ्या पद्धतीने बघावं लागतं. बी१२, लोह, कॅल्शियम, डी व्हिटॅमिन कायमचं. नवऱ्यापासून लपवून हे सगळं करत बसशील का? जुना फोटो दाखव, ऑपरेशन झालंय म्हणून सांग, आणि त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न करू नकोस, दोन दिवस दे त्याला. तरी नको म्हणाला तर वाईट वाटेल, खूप वाटेल, पण ते आत्ता कळलेलं बरं.

प्रश्न : मी फक्त एका मैत्रिणीला सांगितलं होतं, तिने सगळीकडे केलं. कुठे जेवायला गेले की लोक माझ्या ताटाकडे बघतात. आता चौथं वर्ष आहे आणि नऊ किलो परत वाढलेत. परवा कुणीतरी म्हणालं, "बघा, ऑपरेशन करूनपण तेच." लाज वाटते म्हणून दीड वर्ष फॉलो-अपलाच गेले नाही. कुणाला न सांगता दुसऱ्या गावी जाऊन राहावंसं वाटतं.

उत्तर : मैत्रिणीने केलं ते वाईटच केलं, आणि तुम्ही तिला ते एकदा स्पष्ट बोलून दाखवावं असं मला वाटतं, भांडायला नाही, पण तिला कळलं पाहिजे. ताटाकडे बघणाऱ्यांना "माझं जेवण माझ्यावर सोडा" एवढं पुष्कळ झालं, दोन-तीनदा ऐकलं की बघणं कमी होतं.

पण मला खरी काळजी तुमच्या त्या दीड वर्षाची आहे. ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन वर्षांत वजन सगळ्यात खाली जातं आणि मग बहुतेकांचं थोडं परत येतं, हे त्या स्वीडनच्या अभ्यासातही दिसलंय आणि तुमच्या सर्जनला ते तुम्हाला भेटायच्या आधीपासून माहिती आहे. तुमचे नऊ किलो बघून तिथे कुणी डोक्याला हात लावणार नाही. आहार बघतील, कधी औषधं देतात, कधी काही तपासावं लागतं. आणि वजन राहू द्या बाजूला, दीड वर्ष रक्त तपासलेलं नाही म्हणजे बी१२ आणि लोहाचं काय चाललंय कुणालाच माहिती नाही, बी१२ बराच काळ कमी राहिलं तर हातापायाच्या नसांवर परिणाम होतो, आधी मुंग्या येतात आणि माणूस ते थकव्यावर ढकलतो. तुम्हाला तसं काही होत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, जवळच्या डॉक्टरकडे जाऊन आधी रक्त द्या. लोकांच्या बोलण्याचं आपण नंतर बघू, ते पत्र लिहून कळवा, पण क्लिनिकला फोन उद्या सकाळी करा आणि दीड वर्ष का आला नाहीत हे विचारलं तर खरं कारण सांगा, लाज वाटत होती म्हणून.