इंग्रजीच्या तासाला आवाज कुणाचा?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. लोकवर्गणीतून शाळेला स्मार्ट टीव्ही मिळाला हे वाचून फार बरं वाटलं. सहावीच्या मुलांना इंग्रजीची गोडी लागावी म्हणून कुठलं ॲप घ्यावं, असं तू विचारलंस. पण त्याच पत्रात पुढे लिहिलंस, की टीव्ही लावला की वर्ग एकदम चिडीचूप होतो. मी त्या ओळीपाशी थांबले. भाषेच्या तासाला मुलांची तोंडंच बंद असतील तर काहीतरी चुकतंय.

आपल्याकडे मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे तुझ्या मुलांनी पाच वर्षं हा विषय शिकलेला आहे. शब्द त्यांच्याकडे बरेच आहेत. अडतं ते बोलायला, कारण चुकलं तर सगळा वर्ग हसेल ही धास्ती असते. तेव्हा कुठलंही साधन निवडताना दोनच गोष्टी बघ: त्यामुळे मुलं जास्त बोलतात का, आणि त्यांचं बोलणं मनापासून ऐकणारं कुणी आहे का.

सुरुवात प्लिकर्सपासून कर. कार्डांवरून वर्गाची उत्तरं टिपणारं हे ॲप आहे. मुलांच्या हातात फोन लागत नाही, तुझा एक पुरतो. त्यांच्या संकेतस्थळावरून कार्डं छापून घ्यायची. प्रत्येक कार्डावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची वेगळी आकृती असते आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड मुलाने धरायचं, तू फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की कुणी काय उत्तर दिलं ते तुला दिसतं. शेजाऱ्याचं कार्ड बघून काही उमगत नाही, त्यामुळे मागच्या बाकावरची अबोल पोरगीसुद्धा बिनधास्त कार्ड वर करते. कार्डं पुठ्ठ्यावर चिकटव, पण चकचकीत लॅमिनेशन करू नकोस. उजेड परावर्तित झाला की कॅमेऱ्याला आकृती ओळखता येत नाही. आणि खरी गंमत पुढे आहे. उत्तरं आली की बरोबर कोणतं ते लगेच सांगू नकोस. वर्ग दोन उत्तरांत विभागलेला असेल तर जोड्या लाव आणि एकमेकांना पटवून द्यायला सांग. ‘आय थिंक इट्स बी, बिकॉज...’ एवढी सुरुवात फळ्यावर लिहून ठेव. ती दोन मिनिटं वर्गात जो गलका होईल, तो होऊ दे. मुख्याध्यापक डोकावले तर त्यांनाही आत बोलव.

दुसरं साधन तुझ्या रोजच्या वापरातलं आहे: व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोप. शुक्रवारी अर्ध्या मिनिटाचं काम दे. आमची म्हैस, आजीची औषधं, आज एसटी का चुकली, असं घरातलंच काहीतरी. वर्गात मूल एकदाच बोलतं आणि चुकलं की संपलं. इथे ते स्वतःचं ऐकतं, खोडतं, पुन्हा बोलतं. तुझ्यापर्यंत एक निरोप पोचतो, पण त्यामागे घरात चार वेळा सराव झालेला असतो, आणि तो तू न सांगता झालेला असतो. उत्तर तूही आवाजातच दे. चुकांची यादी करू नकोस. म्हशीबद्दल तुला खरंच पडलेला एक प्रश्न इंग्रजीत विचार. आपल्या बोलण्यावर बाईंना प्रश्न पडला, याने मुलाला जी उभारी येते ती शंभर ताऱ्यांनी येत नाही.

मात्र फोन कुणाच्या हातात असतो याचं भान ठेव. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या 2023 च्या अहवालात, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या 14 ते 18 वयाच्या ग्रामीण मुलांपैकी 43.7 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त 19.8 टक्क्यांकडे. तुझी मुलं तर त्याहून लहान आहेत. फोन वडिलांचा, तो रात्री घरी येणार, आणि आधी भावाच्या हातात जाणार. ज्यांना घरी जमत नाही त्यांच्यासाठी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात तुझा फोन दे. निरोप तुझ्या नंबरवर मागव, गटावर नको. आणि मुलांचे व्हिडिओ पालकांना विचारल्याशिवाय स्टेटसला ठेवू नकोस.

आता गुण, तारे, बिल्ले यांबद्दल. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी अमेरिकेत एका बालवाडीत प्रयोग केला. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या काही मुलांना त्यांनी आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं रंगांकडे कमी वळू लागली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांचं तसं झालं नाही. काहूटसारखे पडद्यावरचे प्रश्नमंजुषेचे खेळ मी नाकारत नाही, महिन्यातून दोनदा खुशाल घे. पण तिथे पटकन बटण दाबणाऱ्याला जास्त गुण मिळतात आणि दर वेळी तीच तीन नावं वर झळकतात. खालच्या मुलांना पुन्हापुन्हा आपला नंबर दाखवून इंग्रजी आवडायला लागेल का? म्हणून गट पाडून खेळव.

नवं काही विकत घेण्याआधी बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड वापरून बघ. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर पाठाला जोडून साहित्य आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्टी मोफत मिळतात. एखादी गोष्ट टीव्हीवर लाव, पण अर्ध्यावर थांबव आणि पुढे काय होईल ते मुलांना बोलू दे.

सगळ्यात जास्त आशा मला वाटते ती दुसऱ्या राज्यातल्या वर्गाशी गाठ घालून देण्यात. कोकणातली शाळा जोडलीस तर मुलं दोन मिनिटांत मराठीवर येतील, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही. समोर कन्नड बोलणारी मुलं असली की इंग्रजीवाचून गत्यंतर नसतं. मग ‘तुमच्याकडे भाकरी कशाची करतात?’ हे विचारायला वाक्य शोधावंच लागतं, आणि पलीकडून उत्तर आलं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. थेट व्हिडिओ कॉलचा हट्ट धरू नकोस, नेट दगा देतं. आधी आवाजी निरोपांची देवाणघेवाण कर, भेट नंतर.

धारवाडकडे माझ्या ओळखीच्या एक बाई सहावीलाच इंग्रजी शिकवतात. त्यांना तुझ्याबद्दल कळवलं आहे. त्या तयार आहेत. दिवाळीच्या सुट्टीआधी पहिले पाच निरोप त्यांना पाठव.

तुझ्या,
बाई