बेळगावात घडलेली एकच घटना मराठी आणि कन्नड पेपरांत इतकी वेगळी का छापून येते? खरं कुठलं मानायचं?

दोन्ही पेपर शेजारी ठेवा आणि कुणी काय गाळलंय ते शोधा. सीमाभागातली बातमी खोटी कमी असते, अर्धी जास्त.

बेळगावजवळच्या येळ्ळूर गावचंच घ्या. जुलै 2014 मध्ये ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ हा फलक प्रशासनानं काढला, गावकऱ्यांनी परत उभा केला, मग पोलिसांनी लाठ्या चालवल्या. गावावर लाठ्या पडल्या हे खरं. फलक काढण्यामागं हायकोर्टाचा आदेश होता हेही खरं. मराठी वाचकाला दुसरं वाक्य नको असतं, कन्नड वाचकाला पहिलं. मग नकोसं वाक्य खाली ढकललं जातं, आणि जागा कमी पडली की उपसंपादक खालूनच कापतो. म्हणून असली बातमी शेवटाकडून वर वाचा. कोर्टाचा आदेश, गुन्ह्याची कलमं, पोलीस ठाणं, सगळं तिथंच सापडतं. कन्नड वाचता येत नसेल तर शेजाऱ्याकडून शेवटचे दोन परिच्छेद तेवढे वाचून घ्या.

मोर्चाचा आकडा तर स्वतःच काढा. 12 मीटर रुंद रस्त्यावर 100 मीटर लांब गर्दी म्हणजे 1200 चौरस मीटर. चालत्या फेरीत चौरस मीटरला एक, फार तर दोन माणसं. खेटून उभ्या गर्दीत चार. पाच हजारांच्या वर माणूस तिथं मावतच नाही. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, सीमाभागातले मराठी लोक निषेधाचा काळा दिन पाळतात; त्याची फेरीसुद्धा अशीच मोजा: डोकं कुठं, शेपूट कुठं, मधलं अंतर किती. ‘जनसागर’ लिहिणाऱ्यानं रस्ता मोजलेला नसतो, ‘मोजके कार्यकर्ते’ लिहिणाऱ्यानं शेपूट बघितलेली नसते.

पाट्यांचंही तेच. कर्नाटकाच्या 2024 च्या कायद्यात दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवी, तीही वरच्या भागात, असं आहे. त्याला ‘मराठी पाट्यांवर बंदी’ असा मथळा दिला की दुकानदार घाबरून उरलेल्या जागेतलं मराठीही पुसून टाकतो. हे नुकसान आपल्याच पेपरनं केलेलं.

आणि सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या अहवालाचे आकडे मराठीत छापणं म्हणजे घात, असं म्हणणारे अजून आहेत. मला हे अजिबात पटत नाही. 1966 चा तो आयोग महाराष्ट्राच्याच आग्रहानं नेमला गेला. 1967 च्या अहवालात 264 गावं महाराष्ट्राला, 247 कर्नाटकाला सुचवली आणि बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्रानं तो नाकारला, 2004 ला सुप्रीम कोर्टात गेला, आज 865 गावांवर हक्क सांगतो. कोर्टातल्या वकिलांना हे आकडे पाठ असतात. अंधारात राहतो तो आपला वाचक, आणि समोरच्यानं 247 म्हटलं की त्याच्याकडं उत्तर नसतं.

एक मात्र आहे. खेड्यातला वार्ताहर त्याच गल्लीत राहतो, सकाळी त्याच डेअरीत दूध घालतो. त्यानं दगड मारणाऱ्याचं नाव लिहिलं नाही म्हणून तो विकला गेला, असं लगेच ठरवू नका.