पैसा जितका फिरतो, तितका झिजतो

वाचकांचे प्रश्न

जुगाराबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं या अंकात घेतली आहेत. पत्रं खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांतून आली आहेत. नावं छापलेली नाहीत, कोणी कळवूही नयेत.

कापसाचा हंगाम आटोपला की आमचा व्यापाऱ्यांचा ग्रुप गोव्याला जातो. एक रात्र मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर ठरलेली असते. दर वेळी दोघं-तिघं जिंकतात, तरी सगळ्यांचा मिळून हिशोब उणाच निघतो. असं का? आणि हरलं की डबल लावत जायचं, ही युक्ती खरंच चालते का? – एक व्यापारी, जळगाव

रुलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोळी सोडायची आणि ती कोणत्या घरात थांबते यावर पैसे लावायचे. त्या चाकावर 37 घरं असतात, 1 ते 36 आणि एक शून्य. एका आकड्यावर 100 लावले आणि तो लागला, तर 3,500 मिळतात आणि तुमचे 100 परत येतात. आता समजा तुम्ही सगळ्याच घरांवर शंभर-शंभर ठेवले. गेले 3,700, आले 3,600. मधले शंभर मालकाचे. टक्क्यांत ही कपात 2.7 होते. दोन शून्यांचं चाक असेल तर घरं 38 होतात, पैसे मात्र तेवढेच मिळतात, त्यामुळे कपात 5.26 टक्क्यांवर जाते. लाल-काळं लावा नाहीतर सम-विषम, शून्य आलं की दोन्हीकडचे पैसे गोळा होतात.

2.7 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण आडत एका सौद्यावर एकदाच कापली जाते, इथे ती प्रत्येक फेरीला कापली जाते. आणि कपात खिशातल्या पैशावर नसते, फिरवलेल्या पैशावर असते. 5,000 च्या चिप्स, म्हणजे पैशाऐवजी लावायच्या चकत्या, घेतल्या, दर फेरीला वेगवेगळ्या घरांवर मिळून 500 लावले, तासाला 40 फेऱ्या झाल्या आणि पाच तास बसलात, तर तुम्ही 1,00,000 रुपये फिरवलेत. त्याचे 2.7 टक्के म्हणजे 2,700. आणलेल्या रकमेचा निम्म्याहून जास्त भाग सरासरीने तिथेच राहिला. एखाद्या रात्री नशिबाचा चढउतार या सरासरीपेक्षा मोठा असतो, म्हणून दोघं-तिघं जिंकून उठतात. पण दहा जणांचं मिळून गणित सरासरीकडेच सरकतं. जिंकलेला परतीच्या गाडीत जळगावपर्यंत सांगत येतो, हरलेला खिडकीबाहेर बघतो. त्यामुळे जिंकणारे आहेत त्यापेक्षा जास्त वाटतात.

बाकीच्या खेळांचंही थोडक्यात सांगतो. अंदर-बाहरमध्ये मधल्या पानाच्या जोडीचं पान कोणत्या बाजूला येतं यावर पैसे लावतात. ज्या बाजूला पहिलं पान पडतं तिची जिंकण्याची शक्यता साधारण 51.5 टक्के असते, म्हणून तिथे शंभराला नव्वदच देतात. कपात 2.15 टक्के. दुसऱ्या बाजूला शंभराला शंभर मिळतात, पण तिथे कपात 3 टक्के. बॅकरॅट या पत्त्यांच्या खेळात ‘बँकर’ या बाजूवर एक टक्क्याच्या आसपास, पण ‘टाय’ला, म्हणजे बरोबरीला, आठ पट देतात तिथे 14 टक्क्यांहून जास्त. ज्या घराचा भाव मोठा आणि बोर्ड चमकदार, तिथे कपात जास्त, हे जवळजवळ सगळीकडे लागू पडतं.

आता डबलची युक्ती. 100 पासून सुरुवात केली आणि सलग सात वेळा हरलात, तर 100, 200, 400 करत एकूण 12,700 गेलेले असतात आणि आठव्यांदा 12,800 लावायचे असतात. टेबलाची मर्यादा 10,000 असली तर डाव तिथेच अडला. नसली तरी एवढा सगळा जीव टांगणीला लावून मिळणार किती, तर सुरुवातीचे 100. सलग सात हारी म्हणजे दुर्मिळ गोष्ट, असं वाटतं. पण पाच तासांच्या 200 फेऱ्यांत कधी ना कधी तसं होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. 18 ऑगस्ट 1913 ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत काळा रंग सलग 26 वेळा आला. ‘आता तरी लाल येणारच’ म्हणत लोक रक्कम वाढवत गेले आणि बुडाले. चाकाला मागची फेरी आठवत नसते.

जायचंच असेल तर ठरलेली रोख रक्कम वेगळ्या पाकिटात न्या, एटीएम कार्ड खोलीवर ठेवा आणि फोनमधलं यूपीआय त्या रात्रीपुरतं बंद करा. जिंकलेल्या चिप्स लगेच कॅश काउंटरवर देऊन पैसे करून घ्या. हातात चिप असली की ती पैसा वाटत नाही, प्लॅस्टिकची चकती वाटते. आणि जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर, वर उपकर, लागतो. त्यातून हरलेले पैसे वजा करता येत नाहीत.

मिस्टर मोबाइलवर चाकं फिरवायचा गेम खेळतात. मी विचारलं, तर स्वतःच म्हणतात, ‘यात कोणी जिंकत नाही.’ तरी रात्री दोनपर्यंत तेच. माहीत असून माणूस थांबत का नाही? – चोपडा

ताई, माहिती असणं आणि थांबता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो खेळ याच फटीत बसवलेला आहे. हे तुमच्या मिस्टरांना वाचून दाखवा असं आम्ही मुद्दाम म्हणतो, कारण आपण मूर्ख आहोत या लाजेपोटी माणूस आणखी लपून खेळतो.

पहिली गोष्ट, बक्षीस कधी येईल ते ठरलेलं नसतं. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. ठरावीक टोचण्यांनंतर दाणा मिळाला की कबुतर दाणा खाऊन थोडं थांबतं. कधी पाचव्या, कधी चाळिसाव्या टोचणीला दाणा मिळू लागला की ते न थांबता टोचत राहतं, आणि दाणे बंद केले तरी फार उशिरा सोडतं. चाकांचा खेळ याच पद्धतीवर चालतो.

दुसरी गोष्ट तुमच्या घरात रोज ऐकू येत असेल: ‘अरे, एका घराने गेलं!’ ते ‘एका घराने जाणं’ बहुतेक वेळा योगायोग नसतो. 1984 साली अमेरिकेत इंगे टेलनेस यांना एका यंत्राचं पेटंट मिळालं. त्यात डोळ्यांना दिसणारं चाक आणि निकाल ठरवणारं आतलं चाक वेगळं केलं होतं. समजा दिसणाऱ्या चाकावर 22 जागा आहेत आणि मोठ्या बक्षिसाचं चित्र त्यात एक आहे. तीन चाकांवर ते एकदम येण्याची शक्यता डोळ्यांच्या हिशोबाने 10,648 मध्ये एक. पण आतल्या चाकावर 64 जागा असल्या आणि त्यातली एकच त्या चित्राची असली, तर खरी शक्यता 2,62,144 मध्ये एक. उरलेल्या जागांपैकी बऱ्याचशा त्या चित्राच्या लगतच्या रिकाम्या घरांना जोडून ठेवतात. म्हणून चित्र सारखं वरच्या नाहीतर खालच्या ओळीत येऊन थांबतं. आपण जवळ पोहोचलो असं वाटतं, आणि मेंदू या हुकण्याला हारीपेक्षा जिंकण्याच्या जवळचं समजतो. मोबाइलच्या खेळात तर खरं चाकच नसतं, दिसणारं सगळं सॉफ्टवेअर ठरवतं.

तिसरी गोष्ट आवाजाची. वीस ओळींवर एकेक रुपया लावला की एका दाबण्याला 20 रुपये गेले. त्यातल्या एका ओळीवर 8 परत आले, की दिवे लागतात, नाणी पडल्याचा आवाज येतो. 12 रुपये गेलेले असतात आणि सोहळा मात्र जिंकल्याचा होतो.

आणि वेग. मटक्यात एका आकड्याला दहापैकी एक संधी आणि नऊ पट भाव, म्हणजे कपात 10 टक्के. ती रुलेटपेक्षा कितीतरी जास्त आहे, पण तिथे ओपन आणि क्लोजचे आकडे निघेपर्यंत वाट बघावी लागते. (हा मटका मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या-बंद होत्या भावांवर सुरू झाला होता. आपल्या कापसाच्या मुलखाने हे लक्षात ठेवायला हवं.) मोबाइलवर मिनिटाला दहा फेऱ्या सहज होतात. दर फेरीला 10 रुपये धरले तर तासाला 6,000 फिरतात, आणि शंभरातले 92 परत देणारा खेळ मानला तरी तासाला 480 जातात. तेही खेळ प्रामाणिक असेल तर.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने कायद्याने बंदी घातली, त्यावर 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली. आता ज्या लिंक टेलिग्राम-व्हॉट्सॲपवर फिरतात त्या लपूनछपून चालणाऱ्यांच्या आहेत. त्यांची रीत ठरलेली असते: सुरुवातीला 500-1,000 जिंकू देतात, ते खात्यावर येतातही. मोठी रक्कम काढायला गेलं की ‘आधी टॅक्स भरा’, मग ‘व्हेरिफिकेशन फी भरा’. ते भरलेले पैसेही जातात. असं झालं असेल तर तासाभराच्या आत 1930 वर फोन करा. हा कायदा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला शिक्षा करतो, खेळणाऱ्याला नाही, तेव्हा तक्रारीला घाबरू नका. फक्त एक तपासा: मिस्टरांनी आपलं बँक खातं कमिशनवर कोणाला वापरायला दिलेलं नाही ना? तसं असेल तर ते वेगळ्या गुन्ह्यात अडकू शकतात. आधी वकील गाठा.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्या गावात पत्ते बसतातच. सून म्हणते, हे व्यसन आहे. वर्षातून दोन दिवस झन्नामन्ना खेळलं तर माणूस जुगारी होतो का? – तालुका अमळनेर

नाही होत. पण कायद्याच्या दृष्टीने आखाजी वेगळी नाही. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली अड्डा चालवणं, अड्ड्यावर सापडणं आणि चव्हाट्यावर पैसे लावून खेळणं, हे तिन्ही गुन्हे आहेत.

व्यसन किती दिवस खेळता यावर ठरत नाही. पत्ते उचलल्यावरही डोक्यात तेच चालतं का? पूर्वी 50 ला यायची ती मजा आता 500 शिवाय येत नाही का? गेलेले काढायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता का? किती गेले ते घरी खोटं सांगता का? यातलं शेवटचं सगळ्यात आधी तपासा. सूनबाईंना खरा आकडा सांगता येत असेल तर काळजी कमी. सांगताना निम्मा होत असेल, तर त्यांचं म्हणणं ऐका.

मोठ्या भावाने क्रिकेटच्या बेटिंगमध्ये आणि ॲपवर मिळून बरेच लाख घालवले. पतसंस्था, मित्र, एक खाजगी सावकार, सगळ्यांचं देणं आहे. वहिनीचं सोनं गहाण आहे. वडील म्हणतात, दोन एकर विकून एकदाच सगळं फेडून टाकू. काय करावं? – शिरपूर

शेत विकू नका, निदान आत्ता नाही. एकरकमी फेडलं की डोक्यावरचा भार जातो, लोक पुन्हा उसने द्यायला तयार होतात, आणि खेळ थांबलेला नसेल तर वर्षभरात देणं पुन्हा उभं राहतं. हे इतक्या घरांत होतं की पहिली पायरी नेहमी खेळ थांबवण्याची धरावी.

त्याआधी एक प्रश्न भावाला एकट्याला, स्पष्ट शब्दांत विचारा: जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने विचार येत नाहीत. कर्ज उघडं पडण्याचे दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. 14416 हा टेली-मानसचा फोन चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ भेटतात. जुगाराचं व्यसन जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे. विचारांची गाठ सोडवणारं समुपदेशन हा त्यावरचा मुख्य उपचार, आणि काही जणांना डॉक्टर नाल्ट्रेक्सोनसारखी गोळीही देतात. तिने ओढ कमी होते.

मग पैसा आणि हात यांच्यात अंतर पाडा. त्याच्या संमतीने त्याचं येणं वहिनीच्या खात्यात, किंवा दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत अशा संयुक्त खात्यात वळवा. क्रेडिट कार्ड बंद करा, कर्ज देणारी ॲप काढा, यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या ॲपमधून हजारभरावर आणा. ज्या नंबरवर बुकीचे मेसेज येतात ते सिम बदला. कापसाचे किंवा केळीचे पैसे खात्यात पडतात तो आठवडा सगळ्यात अवघड असतो. त्या दिवसाआधीच खतवाला, मजुरी, फी यांचे पैसे कोणी कुठे द्यायचे ते लिहून ठेवा. घरच्यांनी देणं फेडलं तर थेट देणेकऱ्याला द्या, पावती घ्या. भावाच्या हातात रोख नको.

देण्याची यादी एका वहीत करा: कोणाचे, मुद्दल किती, व्याज किती, कागद काय. सातबारा काढून ‘इतर हक्क’ या रकान्यात कोणाचा बोजा चढलाय का, ते बघा. सोन्याच्या कर्जाला लिलावाची नोटीस येण्याआधी व्याज भरलं तर मुदत वाढवून मिळण्याची शक्यता असते, म्हणून पैसे तिकडे आधी वळवा. पतसंस्थेत हप्ते पाडून मागा. बुकीचं देणं यादीत शेवटी. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो, जिंकलेली रक्कम कोर्टात जाऊन वसूल करता येत नाही. तो धमकी देत असेल तर ते पोलिसांचं काम आहे.

सावकाराकडे परवाना आहे का, ते विचारा. नसेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे किंवा धुळ्याला जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करता येते. व्याजापोटी जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल तर त्याचीही चौकशी याच कायद्यात होते. कोऱ्या चेकवर किंवा स्टॅम्पवर आता आणखी सह्या नकोत.

वडील 66 वर्षांचे, निवृत्त शिक्षक. आयुष्यात कधी लॉटरीचं तिकीट घेतलं नाही. दोन वर्षांपूर्वी कंपवाताचं निदान झालं. सहा महिन्यांपासून चोरून ऑनलाइन पैसे लावतात, पेन्शन पुरत नाही. आईला वाटतं, म्हातारपणी बुद्धी फिरली. – नंदुरबार

गोळ्यांची चिठ्ठी बघा. त्यात प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल हे नाव असेल, तर हा वडिलांच्या स्वभावाचा नव्हे, औषधाचा परिणाम असण्याची दाट शक्यता आहे. ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखं काम करतात. कंप आणि ताठरपणा कमी होतो, पण काही रुग्णांना त्यातूनच जुगार, बेसुमार खरेदी, सारखं खाणं किंवा लैंगिक ओढ अनावर होते. रुग्ण लाजेने बोलत नाही आणि तपासणीच्या घाईत कोणी विचारत नाही. खेळ कधी सुरू झाला आणि गोळी कधी सुरू झाली किंवा वाढवली, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. मात्रा कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर बऱ्याच जणांची ही ओढ ओसरते. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका. एकदम तोडली तर घाम, घबराट, खोल उदासी येऊ शकते आणि हालचालही अडते. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत पेन्शनचं एटीएम कार्ड आणि फोनवरचं यूपीआय आईंकडे ठेवा, आणि का ठेवलं ते वडिलांना या उत्तरासकट सांगा.