सीसॉला घाबरणारी ठमी

प्रश्न : ताई, आमची कुत्री ठमी तीन वर्षांची, मध्यम चणीची, दत्तक घेतलेली. घरात वाघीण, बाहेर मात्र बिचकते. धीट व्हावी म्हणून अ‍ॅजिलिटीच्या, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळे पार करण्याच्या खेळाच्या, क्लासला घातली. जंप आणि टनेल तिला मनापासून आवडायचे. मागच्या महिन्यात पहिल्यांदा पूर्ण उंचीच्या सीसॉवर (मध्यावर टेकवलेली, वरखाली होणारी फळी) चढली, फळी खाडकन आपटली आणि ती मधूनच उडी मारून पळाली. तेव्हापासून सीसॉ सोडाच, डॉगवॉकवरही (उंचावरची, न हलणारी अरुंद फळी) पाय ठेवत नाही. ट्रेनर म्हणाले, पट्टा धरून एकदा पार करून न्या, भीती मोडेल. तसं नेलं. ती मुकाट्याने गेली, पण पुढच्या वेळी मैदानाच्या फाटकातच बसून राहिली. आता काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य फाटकाचं आहे. आधी सीसॉ, मग डॉगवॉक, मग अख्खं मैदान. भीती अशी एका वस्तूवरून दुसरीवर पसरत जाते. डॉगवॉकला ती का घाबरते, हे तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिलं की लगेच समजतं. दोन्हीकडे समोर एक अरुंद फळी वर जाताना दिसते. यातली कुठली हलणार आणि कुठली नाही, हे तिला कळायला मार्ग नाही. म्हणून ती दोन्ही टाळते. याला हट्ट म्हणू नका, शहाणपण म्हणा.

आधी एकदा डॉक्टरांना दाखवा. ती मधूनच उडी मारून उतरली आहे. खांदा, पाठ, पंजा, नख, काहीही दुखावलेलं असू शकतं आणि कुत्री दुखणं फार लपवतात. दुखत असेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

आता ‘भीती मोडेल’ याबद्दल. ठमी मुकाट्याने गेली, असं तुम्ही लिहिलंय. मला ती धीट झालेली दिसत नाही, मला ती गोठलेली दिसते. पट्टा ताणलेला, पाठ वाकलेली, शेपूट पोटाशी, तोंड घट्ट मिटलेलं, अशीच होती ना? पळायची वाट बंद झाली की बरीच कुत्री अशी गप्प होतात. त्यातून ती एकच गोष्ट शिकतात : इथे ‘नको’ म्हणून उपयोग नसतो. मग ती ‘नको’ जरा अलीकडे, फाटकातच सांगतात. तुमच्या ट्रेनरांचा हेतू चांगलाच असणार, पण हा उपाय मला मान्य नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं : ज्या कुत्र्याला मागे फिरता येतं, तेच कुत्रं पुढे जातं. त्यामुळे सध्या सीसॉ पूर्ण बंद. फाटकापासून सुरुवात करा. फाटकाबाहेर जिथे ती सहज बसते तिथे थांबा, खाऊ द्या आणि परत फिरा. खाऊ कसा घेते तिकडे लक्ष ठेवा. रोज हळुवार घेणारी कुत्री बोटांना दात लावून ओरबाडायला लागली, तर ताण वाढलाय. आवडता खाऊही नाकारला, तर तुम्ही फार जवळ आलात, लांब जा. झोप आलेली नसताना जांभया, सारखं ओठ चाटणं, एक पंजा उचलून धरणं, यांचा अर्थही तोच.

फळीजवळ जाल तेव्हा खाऊ नाकासमोर धरून तिला वर चढवू नका. ही चूक प्रेमळ माणसंच जास्त करतात. नाकामागे जाता जाता कुत्री वर पोचते, खाऊ संपतो आणि मग तिला कळतं आपण कुठे आलोय. त्याऐवजी तिने फळीकडे पाहिलं, हुंगलं, पंजा टेकवला की शाबासकी द्या आणि खाऊ फळीपासून लांब, मागच्या बाजूला टाका. तिला तिथून निघायला मिळतं. खाऊन ती आपणहून परत फळीकडे आली, तर तो तिचा होकार. नाही आली, तर आजचं काम संपलं.

सीसॉमध्ये खरं तर तीन वेगवेगळ्या भीती एकत्र असतात : आवाज, हालचाल आणि उंची. त्या सुट्या करा.

आवाजासाठी दुसरं माणूस लागेल. ते सीसॉचं टोक चार बोटं उचलून सोडेल, खाली जाड चटई घातलेली. तुम्ही ठमीला घेऊन इतक्या लांब उभे राहा की तिचा कान फिरेल, पण ती खात राहील. आधी आवाज, मग खाऊ. क्रम उलटा झाला तर खाऊची पिशवी उघडताच ती दचकायला लागेल, कारण पिशवीनंतर धडाम येतं हे तिला पाठ होईल.

हालचालीसाठी सीसॉची गरजच नाही. एक रुंद, सपाट फळी जमिनीवर ठेवा आणि खाली टॉवेलची गुंडाळी सरकवा. पंजा ठेवला की फळी किंचित डुगडुगते. एवढंच. ते जमलं की सीसॉचं टोक तुम्ही हाताने जमिनीपासून जेमतेम वर धरा आणि तिला पुढच्या पंजांनी ते दाबू द्या. टोक आपटेल, आवाज होईल, पण तो तिने केलेला असेल. हा माझा सगळ्यात आवडता टप्पा आहे. पहिल्यांदा आपटलं की कुत्री मागे सरते, कान मागे जातात, फळीकडे बघते, तुमच्याकडे बघते. या वेळी तोंडातून शब्द काढू नका, हाताने इशारा करू नका. बरीच कुत्री क्षणभराने मान पुढे काढून फळी हुंगतात आणि पुन्हा पंजा मारतात, या खेपेला जरा जोरात. आवाज आपल्यावर कोसळत नाही, आपण तो करतो, हे त्यांना तेव्हा उमगतं. काही जणी नंतर मुद्दाम आपटत राहतात. आपटू द्या.

उंची सगळ्यात शेवटी. आंतरराष्ट्रीय नियमांत सीसॉची फळी साधारण ३.६ ते ३.८ मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि मध्यभागी ६० सेंटिमीटर उंच असते. म्हणजे वर गेलेलं टोक जवळपास १२० सेंटिमीटरवर असतं. ठमीने पहिल्याच दिवशी हे सगळं एकदम अनुभवलं. आता वरच्या टोकाखाली भक्कम टेबल ठेवा, म्हणजे फळी वीतभरच खाली जाईल. टेबलाची उंची हळूहळू कमी करा आणि ती बिचकली की निमूटपणे मागच्या उंचीवर या. प्रत्येक सराव दोन-चार मिनिटांचा, तिला अजून हवंसं वाटत असतानाच थांबवा.

ट्रेनरांशी भांडू नका, स्पष्ट सांगा : ‘सर, काही दिवस आम्ही फक्त जंप आणि टनेल करू. दुसऱ्यांचं सीसॉ चालू असेल तेव्हा आम्ही मैदानाबाहेर थांबू.’ समजूतदार ट्रेनर हे ऐकेल. नाही ऐकलं तर क्लास बदला, कुत्री तीच ठेवायची आहे.

आणि हे सगळं करूनही तिला सीसॉ नकोच वाटला तर? तर नको. स्पर्धांमध्ये ‘जंपिंग’चा वेगळा प्रकार असतो, त्यात सीसॉ, डॉगवॉक, ए-फ्रेम (दोन उतरत्या फळ्यांचा तिरका चढ) यातलं काही नसतं. मुळात हा खेळ १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात, घोड्यांच्या अडथळा शर्यतींवरून सुचलेली प्रेक्षकांची करमणूक म्हणून आला. ठमीला त्यातलं जे करताना मजा येते, तेवढंच तिने करावं.

प्रश्न : कुत्रं घाबरल्यावर जवळ घेतलं तर भीती वाढते, असं सगळे सांगतात. मला दुर्लक्ष करवत नाही. खरं काय?

उत्तर : करूही नका. ‘बस’ म्हटल्यावर बसणं ही शिकलेली कृती आहे, खाऊ दिला की ती वाढते. भीती ही भावना आहे, धीर दिल्याने ती वाढत नाही. कुत्रा तुमच्या पायाशी आला तर येऊ द्या, हात सावकाश फिरवा, हळू बोला. मात्र त्याने मान वळवली किंवा अंग काढून घेतलं तर धरून ठेवू नका. आणि जवळ घेतलंत तरी ज्याला तो घाबरलाय त्यापासून लांबही न्या, नुसत्या कुरवाळण्याने ते नाहीसं होत नाही.

प्रश्न : आमचा मोती क्लासमध्ये तुफान पळतो. स्पर्धेत मात्र रिंगमध्ये (स्पर्धेच्या मैदानात) शिरला की जमीन हुंगत फिरतो, हाक मारली तरी येत नाही. लोक म्हणतात, लक्ष नाही त्याचं.

उत्तर : लक्ष आहे, नको तितकं आहे. माणूस अवघडला की उगाच मोबाइल काढतो, तसं कुत्रं जमीन हुंगतं. वास आवडला म्हणून तो हुंगत असता तर क्लासमध्येही हुंगला असता. त्याचा सकाळपासूनचा दिवस आठवा : गाडीचा प्रवास, शेजारच्या पिंजऱ्यातली भुंकणारी कुत्री, लाउडस्पीकर, गोंजारायला आलेली अनोळखी माणसं. एकेक गोष्ट तो सहन करतो, पण ती साठत जाते आणि रिंगमध्ये शिरेपर्यंत घडा भरलेला असतो. त्यात तुमचा खाऊचा खिसा रिकामा, श्वास जोरात आणि आवाज नेहमीपेक्षा चढा.

पुढच्या एक-दोन स्पर्धांना नाव न देता जा. रिंगपासून लांब बसा, खाऊ द्या, घरी या. क्लासमध्येही खाऊ रिंगबाहेर डब्यात ठेवायची सवय लावा : दोन जंप, मग दोघांनी पळत डब्यापर्यंत. खिशात काही नसलं तरी बाहेर नक्की मिळतं, हे त्याला पक्कं माहीत हवं. हुंगायला लागला तर नावाने पुन्हा पुन्हा हाका मारू नका, ती हाकसुद्धा दडपण होते. गप्प उभे राहा, मान वर केली की सोबत बाहेर पडा.

पुढच्या स्पर्धेत नाव आधीच दिलं असेल तर पहिले दोन-तीन अडथळे करून पंचांना हात दाखवा आणि आनंदाने बाहेर या. फेरी अर्धवट सोडायला परवानगी असते.

प्रश्न : पाच महिन्यांचं पिल्लू आहे, भित्रं आहे. आत्तापासून उड्या शिकवल्या तर धीट होईल का?

उत्तर : उड्या नकोत. हाडांच्या टोकाशी वाढीचा भाग अजून मऊ असतो. तो जातीनुसार साधारण एक ते दीड वर्षापर्यंत भरत जातो, थोराड जातींत त्याहून उशिरा. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही १८ महिन्यांआधी प्रवेश नसतो. तोवर जंपचा बार जमिनीवर ठेवून नुसतं चालत ओलांडू द्या, आखूड आणि सरळ टनेल खेळू द्या, गवत, वाळू, पत्रा, पुठ्ठा अशा निरनिराळ्या पृष्ठभागांवर त्याच्या मर्जीने फिरू द्या. पुठ्ठ्याच्या खोक्यात खाऊ टाकून ते खडबडवत शोधू द्या. डुगडुगणाऱ्या फळीचा खेळ मात्र आजही चालेल, अगदी जमिनीलगत आणि दोन मिनिटं.