गोव्यात कॅसिनोवाले ओळखपत्रासाठी एवढा त्रास का देतात? त्यांना मनी लाँडरिंगचा कायदा लागू होतो का?

होतो. २००९ च्या दुरुस्तीपासून कॅसिनो पीएमएलएच्या, म्हणजे मनी लाँडरिंग रोखणाऱ्या कायद्याच्या, कक्षेत आहेत. मी मांडवीवरच्या एका कॅसिनोत केजवर, म्हणजे रोख घेऊन चिप्स देण्याच्या खिडकीवर, काम केलंय. म्हणूनच तुमचा ‘त्रास’ हा शब्द मला झोंबला.

एका शनिवारी रात्री थोड्या थोड्या वेळाने चार पोरं खिडकीशी आली. प्रत्येकाने ४५ हजारांच्या चिप्स घेतल्या. ५० हजारांपासून ओळख पटवावी लागते, हे त्यांना पढवलेलं दिसत होतं. पण चौघांच्याही बंडलांना सारखंच हिरवं रबर, दोन वेढे दिलेलं. नंतर फ्लोअरवर बघते तर सगळ्या चिप्स एकाच शेठच्या पुढ्यात. रुलेटवर तो लालवर लावायचा, शेजारी बसलेला त्याचा माणूस तेवढेच काळ्यावर. एकाचं गेलं तेवढंच दुसऱ्याला मिळायचं; शून्य, म्हणजे ना लाल ना काळं, आलं तरच काय तो तोटा. तासाभराने शेठ खिडकीशी आला. "मॅडम, चेक द्या, आणि जिंकल्याचा कागद करून द्या." जिंकल्याच्या रकमेवर ३० टक्के कर भरला की उरलेला पैसा उजळ माथ्याने बँकेत जातो. तो कागद त्याला त्यासाठीच हवा होता.

एकमेकांशी जोडलेले वाटणारे व्यवहार एकत्रच धरायचे, असं नियमात आहे. मी कागद दिला नाही, सगळ्यांची ओळखपत्रं मागितली आणि संशयास्पद व्यवहार म्हणून लेखी दिलं. शिफ्ट मॅनेजर माझ्यावरच उखडला. "दहा लाखांच्या आत आहे, कळवायचं कशाला? गिऱ्हाईक दुखावून धंदा होतो का?" पुढच्या आठवड्यात माझी रवानगी रिसेप्शनवर.

त्याचं म्हणणं साफ चूक होतं. दहा लाखांची मर्यादा मोठ्या रोख व्यवहारांच्या अहवालाला आहे. संशयास्पद व्यवहाराला किमान रक्कमच नाही, एफआययूला, म्हणजे असे व्यवहार तपासणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाला, कळवावाच लागतो. आणि गिऱ्हाईक दुखावण्याचं म्हणाल, तर कॅनडातलं ब्रिटिश कोलंबिया बघा. तिथे २०-२० डॉलरच्या नोटांनी भरलेल्या पिशव्या कॅसिनोत यायच्या. २०१८ पासून १० हजार डॉलर किंवा जास्त रोख आणणाऱ्याला पैसा कुठून आणला ते दाखवावं लागतं. संशयास्पद रोकड झपाट्याने आटली, कॅसिनो मात्र चालूच आहेत.

आपल्याकडे दंडच पुळचट आहे. पीएमएलएच्या कलम १३ खाली प्रत्येक चुकीला १० हजार ते १ लाख. ऑस्ट्रेलियात क्राउन कॅसिनोला २०२३ मध्ये ४५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरायला लावले, तेव्हा कुठे मॅनेजर लोकांना जरब बसते.

सगळेच कॅसिनो असे वागतात असं नाही, आणि येणारे बहुतेक लोक दोन दिवस मजा करायलाच येतात. तुमच्या २० हजारांमागे कोणी लागणार नाही. फक्त २ लाख किंवा त्याहून जास्त रोख एका दिवसात एकाच माणसाकडून घ्यायला आयकर कायद्याने २०१७ पासून बंदी आहे, तेवढं ध्यानात ठेवा.

तुमच्या ओळखीचं कोणी केजवर असेल तर त्याला सांगा, संशय आला की लेखीच द्यायचं, आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. अशी माहिती दिली म्हणून कर्मचाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. वरचा साहेब ‘अंगाशी येईल’ म्हणाला, तर त्याला पीएमएलएचं कलम १४ उघडून दाखवा.