आइसलँडच्या अभ्याससहलीत प्रकल्प कशावर करू?

प्रश्न : मॅडम, पुण्यात बी.एस्सी. करून मी आता इंग्लंडमध्ये भूविज्ञानात एम.एस्सी. करते आहे. जूनमध्ये आमच्या वर्गाची अभ्याससहल आइसलँडला जाणार आहे. आधी रेक्यानेस द्वीपकल्प, मग दक्षिण किनारा आणि शेवटी पूर्वेकडचे फ्योर्ड, म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या आणि समुद्र आत शिरलेल्या दऱ्या. प्रत्येकाने छोटा प्रकल्प करायचा आहे. बहुतेकांनी रेक्यानेसचा ताजा लाव्हा निवडलाय. मी लहानपणापासून बेसाल्टच बघत आले, तर मीही तोच घ्यावा का? शिवाय रेक्यानेसवरच्या ग्रिंडाविक गावात लाव्हा शिरल्याच्या बातम्या वाचून आई धास्तावली आहे.
— एक विद्यार्थिनी, मूळ गाव वाई

उत्तर : तू पूर्व आइसलँड घे. अगदी आग्रहाने सांगते.

ताजा लाव्हा बघच, तो चुकवू नकोस. 2021च्या मार्चमध्ये फाग्रादाल्सफ्याल इथे उद्रेक झाला, तेव्हा रेक्यानेस जवळजवळ आठशे वर्षांनी जागं झालं. तिथे थिजलेल्या लाव्हाच्या कडा नीट न्याहाळ. दुधावर साय धरावी तसं वर कवच धरतं, खालून लाव्हा येतच राहतो आणि सगळा थर फुगून वर उचलला जातो. पुण्या-नाशिककडचे कितीतरी थर असेच जाड झाले आहेत. पण थोड्या दिवसांच्या प्रकल्पात ताज्या लाव्हाचं फक्त वरचं अंग हाती लागतं. पोट दिसायला हिमनद्यांनी चिरलेला डोंगर लागतो, आणि तो पूर्वेला आहे.

तिथले फ्योर्ड पाहशील तर आपला घाटच वाटेल. थरावर थर, मधूनमधून तांबड्या मातीचे पट्टे. वय मात्र फार कमी : आपले दख्खनचे थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, तर आइसलँडचा सर्वांत जुना खडकही दीड कोटी वर्षांच्या आसपासचा. मोठा फरक कलण्यात आहे. वाईच्या डोंगरात थर जवळजवळ आडवे आहेत. पूर्व आइसलँडमध्ये ते पश्चिमेकडे, म्हणजे बेटाच्या मधल्या भेगपट्ट्याकडे कलतात. त्या पट्ट्यात जमीन फाकते, लाव्हा ओतला जातो आणि त्याच्या भाराने खालचे थर खचत जातात. म्हणून समुद्रसपाटीजवळचे थर जास्त कललेले आणि शिखराकडचे कमी. एकाच डोंगरावर खालपासून वरपर्यंत हे मोजत गेलीस तर तुझा प्रकल्प तयार होतो.

जोडीला झिओलाइट घे, म्हणजे बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढणारी स्फटिकरूप खनिजं. जॉर्ज वॉकर या ब्रिटिश भूवैज्ञानिकांनी इथेच दाखवून दिलं की खोलीनुसार, म्हणजे तापमानानुसार, पोकळ्यांतलं झिओलाइट बदलतं : वरच्या भागात चॅबाझाइट, खाली मेसोलाइट आणि स्कोलेसाइट. त्यावरून डोंगराचा किती माथा झिजून गेला याचाही अंदाज बांधता येतो. पुण्याजवळच्या खाणींत स्टिल्बाइट आणि ॲपोफिलाइट हाताळलेल्या मुलीला हे काम परकं वाटणार नाही. वर्गातल्या इतरांना झिओलाइट ओळखायला वेळ लागेल, तुला लागणार नाही. याचा फायदा घे, संकोच करू नकोस. टायगारहोर्न हे तिथलं झिओलाइटसाठी प्रसिद्ध ठिकाण संरक्षित आहे. तिथे फक्त पाहायचं आणि चित्र काढायचं, खडा उचलायचा नाही. चित्र म्हणजे पेन्सिलने वहीत काढलेलं. फोटो हवे तेवढे घे, पण कोणता थर कशावर टेकला आहे हे हाताने रेखाटल्याशिवाय डोळ्यांना पुरतं दिसत नाही, हा माझा घाटातल्या सहलींचा अनुभव आहे.

आईंना सांग, ग्रिंडाविक 10 नोव्हेंबर 2023 रोजी रिकामं केलं ते उद्रेकाच्या आधी. जमिनीखाली मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, सरकताना भूकंपमापकांवर आणि जीपीएसवर दिसला होता. पुढे जानेवारी 2024मध्ये लाव्हाने तिथली काही घरं जाळली, तेव्हा माणसं बाहेर पडलेली होती. आइसलँडचं हवामान खातं ज्वालामुखींवर अहोरात्र नजर ठेवतं आणि सहलीचे शिक्षकही त्याच्या सूचनांवरच ठरवतात. मला काळजी दुसऱ्या गोष्टींची वाटते. ताज्या उद्रेकाजवळच्या खोलगट जागेत कार्बन डायऑक्साइड साचतो. त्याला वास नसतो, तिथे बसू नकोस. उकळत्या चिखलाच्या जागी लाकडी वाट सोडू नकोस, पातळ कवचाखाली वाफ असते. आणि रेनिस्फ्यारा किनाऱ्यावर बेसाल्टचे स्तंभ बघण्यात रमून समुद्राकडे पाठ करू नकोस. तिथे अचानक दूरवर चढणाऱ्या लाटांनी माणसं ओढून नेली आहेत.

निघण्यापूर्वी वाईला येणार असशील तर पसरणीच्या घाटात एक दिवस काढ. एका कड्याचे थर मोज, तांबडे पट्टे टिप, त्याच वहीत पुढे आइसलँडची पानं असू देत. आणि कंपास आठवणीने जुळवून घे. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नसतो, म्हणून आपल्या मुलांना ती दुरुस्ती करायची सवयच नसते. आइसलँडमध्ये सुई दहा अंशांच्या आसपास पश्चिमेला झुकते. शिवाय बेसाल्टमधल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजामुळेही ती भरकटते, म्हणून कंपास खडकावर टेकवू नकोस. दोन पावलं मागे उभी राहून दिशा घे.