जपान्यांनी नुसती नक्कल केली का? मोनोशॉकची गोष्ट

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: जपानी रेसिंग मोटरसायकली ही युरोपची नक्कल होती का, आणि मोटोक्रॉसमधून (मातीच्या, उड्यांच्या ट्रॅकवरची शर्यत) टू-स्ट्रोक इंजिनाची गाडी मागे का पडली. माझ्या मते कल्पना बऱ्याचदा युरोपच्याच होत्या, पण त्या तडीस नेल्या जपान्यांनी.

चोरीचं उदाहरण आहे, ते आधी सांगतो. टू-स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या दर दोन फेऱ्यांना एकदा इंधन जाळणाऱ्या इंजिनात, जळका वायू बाहेर जाताना पेट्रोल-हवेचं थोडं ताजं मिश्रणही निसटतं. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीच्या वाल्टर काडेन यांनी मध्ये फुगीर आणि टोकाला निमुळता एक्झॉस्ट पाईप लावून, परतणाऱ्या दाबलहरीनं ते मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलायचं तंत्र पक्कं केलं. 1961 मध्ये त्यांचं 125 सीसी इंजिन 25 अश्वशक्ती देत होतं. त्याच सप्टेंबरात त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पश्चिमेकडे पळाला आणि हे तंत्र सुझुकीला मिळालं. 1962 चं 50 सीसीचं जगज्जेतेपद त्यानं सुझुकीवर मिळवलं. पण त्याच दशकात होंडानं सहा सिलिंडरची, 18,000 आरपीएमपर्यंत फिरणारी 250 सीसी गाडी उतरवली. ती कुणाची बघून बनवणार?

मोटोक्रॉसमध्ये मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मोनोशॉक, म्हणजे मागच्या चाकाला एकच शॉकअप. 1973 च्या आसपास मागचं चाक जेमतेम 100 मिमी वरखाली व्हायचं. उंच उडीवरून उतरलं की दोन्ही शॉकअप तळाला आपटायचे आणि सगळा दणका रायडरच्या कंबरेला. बेल्जियमच्या ल्युसियाँ टिल्केन्स यांनी दोनऐवजी एकच लांबलचक शॉकअप घेतला आणि त्रिकोणी स्विंगआर्मपासून (मागचं चाक धरणारा, वरखाली हलणारा दांडा) पेट्रोलच्या टाकीखालून थेट हँडलच्या दिशेनं आडवा नेला. यामाहानं ही कल्पना घेतली आणि 1973 मध्येच हाकान अँडरसन त्यावर 250 सीसीचा जगज्जेता झाला. 1975 पासून तीच रचना यामाहाच्या वायझेड या मोटोक्रॉस गाडीत शोरूमला मिळू लागली. कारखान्याच्या रायडरकडे होतं ते दोनच वर्षांत गिऱ्हाइकाच्या हातात आलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

दोष होतेच. वजन गाडीत उंचावर गेलं आणि टाकीखाली हवा लागत नसल्यानं शॉकअप तापायचा. तापला की आतलं तेल पातळ होतं आणि मागची बाजू उसळायला लागते. 1980-81 मध्ये कावासाकीचं युनि-ट्रॅक, सुझुकीचं फुल फ्लोटर आणि होंडाचं प्रो-लिंक आलं. या रचनांत शॉकअप चाकाच्या पुढे उभा, सोबत जोडदांड्या: बारीक खड्ड्यांत मऊ, मोठ्या उडीला आपोआप कडक. तोवर चाकाची हालचाल 300 मिमीच्या घरात पोचली होती. आजच्या मोटोक्रॉस गाडीचं मागचं चाक काढून बघा, बहुतेकींत हीच मांडणी दिसेल.

आता टू-स्ट्रोक. अमेरिकेच्या नियमांत 250 सीसी टू-स्ट्रोकसमोर फोर-स्ट्रोकला (पिस्टनच्या चार फेऱ्यांना एकदा इंधन जाळणारं इंजिन) बरीच जास्त सीसीची मुभा होती, पण जड इंजिनामुळे तिचा फायदा कुणी घेत नव्हतं. यामाहानं उंच आरपीएमचं हलकं फोर-स्ट्रोक इंजिन बांधलं आणि 1997 मध्ये डग हेन्रीनं त्यावर लास वेगासची सुपरक्रॉस (स्टेडियममधली मोटोक्रॉस) जिंकली. पुढच्याच वर्षी वायझेड400एफ विक्रीला आली आणि इतर कंपन्याही त्याच वाटेनं गेल्या. टू-स्ट्रोक हरली ती सीसीच्या या हिशोबात. समान सीसीला समोरासमोर उभ्या केल्या असत्या तर निकाल वेगळा लागला असता, असं माझं ठाम मत आहे.